विघ्न कोणाचे? चाहत्याच्या समीक्षेविषयी

मराठी समीक्षेच्या परिभाषेत रसिक आहे, सहृदय आहे, आस्वादक आहे. वाचक आणि प्रेक्षक तर आहेतच. चाहता मात्र नाही. त्याची जागा रविवारच्या पुरवणीत, आकाशवाणीला धाडलेल्या पोस्टकार्डावर, फार तर चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत. त्याला समीक्षेच्या ओसरीवर बसू न देण्याचे कारण उघड आहे. तो निवाडा करण्यापूर्वीच एका बाजूचा झालेला असतो, असे मानले जाते. कांटच्या सौंदर्यविचारातली हितसंबंधनिरपेक्षतेची अट रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) मराठी अभ्यासकांच्या चांगलीच परिचयाची करून दिली. ही अट जशीच्या तशी लावली, तर चाहता पहिल्याच पायरीवर अपात्र ठरतो.

व्यवहार मात्र या अटीप्रमाणे चाललेला दिसत नाही. शिरीष कणेकर (१९४३–२०२३) यांनी 'माझी फिल्लमबाजी'पर्यंतचा आपला सारा चित्रपटविषयक संसार दिलीपकुमार आणि लता मंगेशकर यांच्यावरील उघड भक्तीच्या भांडवलावर उभा केला. पक्षपात लपविणे त्यांना कधी आवश्यक वाटले नाही, आणि तो उघड असल्यामुळेच वाचकाला त्याची वजावट करून घेता येत असे. दुसऱ्या टोकाला अरुण खोपकरांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) हे पुस्तक आहे. त्याची भाषा विश्लेषकाची आहे. प्रकाश, चौकट, गीत, संकलन यांचा त्यात काटेकोर विचार आहे. तरीही एकाच कलावंताच्या तीन चित्रपटांकडे पुन:पुन्हा परतण्याची ओढ नसेल, तर इतके बारकाईने पाहणे घडत नाही. तेव्हा ओढ आणि चिकित्सा यांचे वैर गृहीत धरून चालणार नाही. ओढ चिकित्सेच्या आड नेमकी केव्हा येते, हा प्रश्न अधिक योग्य होय.

या प्रश्नाला उपयोगी पडणारी एक जुनी मांडणी घरातच आहे. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली तीन येथे पुरेशी आहेत. पहिले संभावनाविरह : जे दाखविले जात आहे ते शक्य कोटीतले वाटत नाही, म्हणून मन त्यात शिरतच नाही. दुसरे स्वगत-परगतत्वाचे : 'हे माझे' किंवा 'हे त्याचे' अशा विशिष्ट देशकालाच्या आणि व्यक्तीच्या जाणिवेने मन अडकून पडते. तिसरे निजसुखादिविवशीभाव : प्रेक्षक स्वत:च्याच सुखदु:खाने इतका ग्रासलेला असतो की समोरच्या कृतीला त्याच्या मनात वाव उरत नाही. या यादीतले महत्त्वाचे सूत्र असे की विघ्नाचे स्थान नेहमी एकच नसते. पहिले विघ्न कृतीत उद्भवते, तर तिसरे प्रेक्षकात. दुसरे दोहोंच्या सीमेवर. 'मला हे आवडले नाही' असे म्हणणाऱ्याने विघ्न कोणाचे, हे आधी ठरवावयास हवे. 'मला हे फार आवडले' असे म्हणणाऱ्यावरही तीच जबाबदारी येते.

ही जबाबदारी पार पाडणे किती अवघड असते हे कोठल्या तरी एका ठिकाणी उभे राहूनच कळते. त्यासाठी वसईच्या पश्चिम पट्ट्यातले गिरीज हे गाव घ्यावे. हिराडोंगरीवर वज्रगडाच्या खुणा आणि दत्ताचे देऊळ. खाली वाड्या, विहिरी आणि वाटेवरचे क्रूस. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन सनांमधल्या काळात ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचे वंशज या परिसरात आपली बागायत करीत राहिले आणि सामवेदी, वाडवळी अशा आपापल्या बोली बोलत राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली, तेव्हा या भागात ती मराठीत आली. 'सुवार्ता' हे मासिक गिरीजच्या जीवन दर्शन केंद्रातून निघत आले; फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन केले. ख्रिस्ती असणे आणि मराठी असणे या दोन गोष्टींत फट आहे, असे या गावात राहून कोणाच्या मनात येण्याचे कारण नाही.

अशा गावातला एक चाहता डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी विशिष्ट इसम नव्हे, पण त्याच्यात अशक्य असे काहीच नाही. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद तो शाळेच्या जुन्या वहीत करतो. संगीत कोणाचे, गीते कोणाची, नामावलीत कोणाकोणाची नावे होती, आणि शेवटी चार ओळींत मत. १९७७ साली, ऐन पौगंडावस्थेत, तो मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' पाहतो आणि अँथनीवर फिदा होतो. दारूच्या नशेत आरशातल्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करणारा अँथनी, ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून टोपी आणि छत्रीसह बाहेर पडणारा अँथनी. पडद्यावरचा नायक आपल्याच धर्माचा आहे आणि सारे चित्रपटगृह त्याच्या नावाने शिट्ट्या मारीत आहे, हे सुख लहान नव्हे.

पण घरी येऊन वही उघडल्यावर हात थबकतो. अँथनीचा धंदा गावठी दारूच्या गुत्त्याचा आहे. खलनायकाचे नाव रॉबर्ट आहे. अँथनीची भाषा मुंबईच्या गल्लीतली मोडकीतोडकी हिंदी आहे. वहीच्या मालकाचे वडील वाडीला पाणी लावतात, आजी लाल लुगडे नेसते, आणि घरात प्रार्थना मराठीत होते. पडद्यावरच्या ख्रिस्ती माणसाशी या घराचे काहीच जुळत नाही. चार वर्षांपूर्वीच्या 'बॉबी'त (१९७३) गोव्याचा मासेमार जॅक ब्रगांझा होता. दोन वर्षांपूर्वीच्या 'ज्युली'त (१९७५) अँग्लो-इंडियन कुटुंबातला मद्यपी बाप होता. ही माणसे आपापल्या जागी खरी असतीलही, पण हिंदी चित्रपटाने त्यांच्यातून एकच ख्रिस्ती माणूस घडविला आणि तोच सर्वत्र चालविला. त्या माणसाच्या हातात बाटली असते. नांगर, खुरपे किंवा मराठी पुस्तक नसते.

येथे चाहत्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. निष्ठेपोटी गप्प बसावे, किंवा समाजाचा अपमान झाला म्हणून सारा चित्रपट झिडकारावा. दोन्ही मार्गांनी परीक्षण टळते. पहिल्यात चाहता उरतो आणि समीक्षक जातो. दुसऱ्यात गाऱ्हाणे मांडणारा उरतो आणि चित्रपट जातो. तिसरा मार्ग विघ्नाचे स्थान शोधण्याचा आहे.

तटस्थ समीक्षक म्हणेल की दोष प्रेक्षकाचाच आहे. त्याला 'हे माझ्याविषयी आहे' असे वाटले, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या विघ्नाने त्याला गाठले. कृतीला बोल लावण्याचे कारण नाही. शिवाय 'अमर अकबर अँथनी'ला शक्याशक्यतेच्या कसोटीवर घासणेच अरसिकपणाचे आहे. ज्या चित्रपटाच्या प्रारंभी तीन मुलगे एकाच वेळी, तीन खाटांवर निजून, एकाच आईला रक्त देतात, त्यात गुत्त्याच्या मालकीची उलटतपासणी कशाला करावी?

हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला उत्तर चाहत्यालाच देता येते. रक्तदानाचा प्रसंग त्याने आनंदाने मान्य केलेला आहे. त्या प्रसंगाची अशक्यता उघडपणे रचलेली आहे. रक्त असे देत नाहीत हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्यातच त्या दृश्याची मौज असते. भरताची परिभाषा वापरावयाची तर तो प्रसंग नाट्यधर्मी आहे. ख्रिस्ती नायकाचा गुत्ता तसा नाही. तो रचावा लागलेला नाही. 'ही माणसे अशीच असतात' या समजुतीतून तो आयता उचललेला आहे आणि लोकधर्मी म्हणून खपून जातो. तेव्हा गिरीजच्या प्रेक्षकाला जे खटकते ते असंभाव्यतेमुळे नव्हे. असंभाव्याने संभाव्याचा वेष घेतला आहे आणि सभागृहातल्या बाकीच्यांना तो वेष दिसत नाही, हे त्याला खटकते. विघ्न कृतीतच आहे. ते दिसण्याची सोय तेवढी त्याच्या राहण्याच्या ठिकाणाने करून दिली आहे. प्रेक्षकाचे स्थान हे येथे पूर्वग्रहाचे कारण न राहता ज्ञानाचे साधन ठरते.

अभिनवगुप्ताच्या विवेचनातली आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. स्वत:च्या सुखदु:खात गुंतलेल्या प्रेक्षकाला बाहेर काढण्याचे उपाय म्हणून त्याने वाद्य, गान, रंगमंडपाची शोभा यांचा निर्देश केला आहे. हिंदी चित्रपटाने हा उपाय पूर्णत्वाला नेला. अंड्यातून बाहेर पडणारे ते गीत चालू असेपर्यंत गिरीजचा प्रेक्षक आपला सल विसरतो, आणि त्याने तो विसरावा हे योग्यच आहे. गाण्याचे ते कामच आहे. परंतु जे विघ्न कृतीतले आहे त्यावर हा उपाय चालत नाही. गाणे थांबते, रात्र होते, वही उघडली जाते आणि सल परत येतो. परीक्षण चित्रपटगृहात लिहिले जात नाही, पाहणे आणि लिहिणे यांत एक अंतर असते, हे चाहत्याच्या दृष्टीने हिताचेच होय. त्या अंतरात जे टिकते त्याला प्रेम म्हणावे, आणि जे टोचत राहते त्याला दोष म्हणावा.

या तिसऱ्या मार्गावर चाहत्याला आणखी एक साहाय्य मिळते : माहितगारी. समीक्षकांनी तिला नेहमीच कमी लेखले. नामावल्या पाठ असणे, कोणत्या गाण्यात कोणी कोणते वाद्य वाजविले हे सांगता येणे, यांना छंद म्हटले गेले. परंतु 'अँथनी गोन्साल्विस' हे नाव घ्यावे. ते चित्रपटासाठी बनविलेले विनोदी नाव नव्हे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदसंयोजक होते. संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गुरूला वंदन म्हणून ते नाव गीतात आले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद बांधले. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात असे कित्येक ख्रिस्ती संयोजक आणि वादक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलेले होते. नामावली वाचणाऱ्या चाहत्याला हे कळते, आणि कळल्यावर चित्रपटाचा अर्थ बदलतो. ज्या गीतात ख्रिस्ती माणसाला अंड्यात बसविले आहे, त्याच गीतात एका खऱ्या ख्रिस्ती कलावंताचे नाव कोरले गेले आहे. पडद्यावर आलेला ख्रिस्ती माणूस ठोकळेबाज आहे. पडद्यामागच्या ख्रिस्ती माणसाचे ऋण मात्र त्याच चित्रपटाने मान्य केले आहे. हे दोन्ही एका वाक्यात सांगू शकणारे परीक्षण केवळ आराधना नसते आणि केवळ तक्रारही नसते.

चाहत्याच्या पद्धतीचे दुसरे वैशिष्ट्य असे की त्याचे परिमाण एकटी कृती हे नसते. नवसमीक्षेने कविता सुटी काढून टेबलावर ठेवावयास शिकविले. चाहता मालिका वाचतो. गिरीजहून उत्तरेकडे, त्याच किनाऱ्यावर अर्नाळा आहे, आणि ते नाव मराठी वाचकांच्या तोंडी बसविले बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. वाङ्मयाच्या इतिहासांनी त्यांची बोळवण थोडक्यात केली, कारण एकेक पुस्तक सुटे वाचले तर त्याविषयी फारसे बोलण्याजोगे नसते. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड यांच्या संगतीत ज्याने शाळेच्या सुट्ट्या काढल्या, त्याला मात्र लेखकाची पुनरुक्ती कोठे दमते आणि कोठे जमते, नायक आपल्या स्वभावाबाहेर केव्हा वागला, लेखकाने घाईने शेवट कोठे उरकला, हे सारे सांगता येते. त्याच्यापाशी तुलनेचे द्रव्य आहे. अशी पुस्तके ग्रंथालयांनी जपली नाहीत. फिरत्या वाचनालयांत ती हाताळून हाताळून संपली. म्हणून चाहत्याची स्मरणशक्ती हेच बऱ्याच अंशी त्यांचे दप्तर उरले. लोकप्रिय वाङ्मयाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला या दप्तराकडे जावेच लागते.

दूरदर्शन आल्यावर मालिका हाच मुख्य प्रकार झाला. १९८७-८८ मध्ये 'रामायण' आणि १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' रविवारी सकाळी दाखविले गेले. लक्षावधी घरांत ते पाहणे हे दर्शन होते. संचापुढे हात जोडले जात. गिरीजचा चाहता रविवारची मिस्सा आटोपून संचापुढे बसतो, तेव्हा त्याची ओढ कमी नसते, पण तिच्यात पूजा नसते. त्यामुळे 'महाभारता'चे संवाद राही मासूम रझा यांनी किती तोलून लिहिले आहेत, कालपुरुषाला निवेदक करण्याने कथा सांगणे किती सुकर झाले आहे, आणि आकाशात बाण बाणाला भिडण्याची दृश्ये किती लांबली आहेत, हे तो एकाच दमात बोलू शकतो. भक्ती आणि चाहत असा भेद या ठिकाणी स्पष्ट होतो. भक्ताला उणे दिसत नाही, किंवा दिसले तरी ते बोलणे पाप वाटते. चाहत्याला उणे दिसते, कारण तो त्याच गोष्टीकडे इतरांहून अधिक वेळा पाहतो.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या व्यक्तीकडे उशिरा का होईना लक्ष दिले. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये मिशेल द सेर्तो यांची प्रतिमा उचलून चाहत्याला परक्या रानात चोरून शिकार करणारा म्हटले. ती प्रतिमा बंडखोरीची आहे. गिरीजच्या वहीला ती नीट बसत नाही. कोकणपट्टीला अधिक ओळखीचा आहे तो कूळ : जमीन दुसऱ्याच्या नावावर, कसणारा मात्र हा. कोणत्या बांधाला पाणी मुरते आणि कोणत्या तुकड्यात दगड लागतो, हे मालकाहून त्याला अधिक ठाऊक असते. आणि जमिनीत दगड आहे असे म्हणणारा कूळ जमिनीचा वैरी ठरत नाही.

हा सारा विचार केवळ करमणुकीपुरता राहिला असता तर त्याला फारसे महत्त्व नव्हते. परंतु पडद्यावर फिरलेली माणसे पडद्यावर राहत नाहीत. उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर कसा, असा सूर काही जणांनी लावला. 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' चारशे वर्षांपासून मराठीच्या खाती जमा होते. तरीही प्रश्न विचारला गेला. त्याचे सारे उत्तरदायित्व चित्रपटांवर टाकणे अन्यायाचे होईल. धर्म आणि राजकारण यांची त्यात आपापली वाटणी होती. परंतु ज्याने ख्रिस्ती माणूस प्रत्यक्षात कधी पाहिलेला नाही आणि पडद्यावर मात्र पुष्कळदा पाहिला आहे, त्याच्या मनातल्या ख्रिस्ती माणसाला मराठी येत नसावे, यात नवल नाही. गिरीजच्या वहीतल्या चार ओळी १९७७ मध्ये कोठे छापून आल्या असत्या, तर निदान काही वाचकांच्या मनात त्या चित्राशेजारी दुसरे चित्र उभे राहिले असते. चाहत्याचे परीक्षण न छापले जाण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

या विवेचनात चाहत्याला सोयीस्कर अशी एक पळवाट मात्र राहता कामा नये. अभिनवगुप्ताने तिसऱ्या विघ्नाच्या नावात सुखाचा उल्लेख केला आहे. दु:ख 'आदि'मध्ये आले. दुखावलेला चाहता जितका असावध, तितकाच सुखावलेलाही. २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाची एक गीतफीत आली, तिची काही दृश्ये वसईच्या किल्ल्यात चित्रित झालेली होती. जगभर पाहिल्या गेलेल्या त्या फितीत आपल्या गावाशेजारच्या भिंती ओळखून वसईकर हरखून जाणे स्वाभाविक होते. पण त्या फितीत किल्ला वसईचा म्हणून येत नाही. रंग, साधू, सण यांनी भरलेल्या एका सर्वसाधारण 'भारता'ची पडकी पार्श्वभूमी म्हणून येतो. अँथनीच्या बाबतीत जी हातचलाखी खटकली, तीच येथे ओळखीच्या आनंदात नजरेआड होते. आयती प्रतिमा दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की एकीने बोचले आणि दुसरीने गोंजारले. ज्याने १९७७ च्या वहीत पहिलीचा दोष लिहिला, त्याने दुसरीचाही लिहिल्याखेरीज त्याचा पहिला निवाडा विश्वासार्ह ठरत नाही. गिरीजच्या चाहत्याला समीक्षकांच्या पंक्तीला बसवावयाचे असेल, तर त्याच्याकडून मागावयाची गोष्ट तटस्थता नव्हे. आपल्या दु:खाचा हिशेब तो ज्या काट्याने करतो, त्याच काट्याने त्याने आपल्या सुखाचाही करावा, एवढेच त्याच्याकडे मागावयाचे आहे.